झाकणाचा भरोसा नाई

डोमाजी मास्तर जांभई देताना स्वतःचं डोकं धरत. एक तळवा हनुवटीखाली, दुसरा टाळूवर. पेटीचं झाकण दाबून धरावं तसं. जबडा पूर्वी एकदा निखळला होता म्हणे. जांभई संपली की तो दोनदा डावीउजवीकडे हलवून बघत, मगच बोलत.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आरमोरीपलीकडच्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली. शाळेत मास्तर दोनच, ते आणि मी. राहायलाही शेजारी. घरात त्यांची थोरली बहीण असते, अंथरुणाला खिळलेली, एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांचं दार बंद.

आरोग्याच्या तासाला ते फळ्यावर उभं चिरलेलं डोकं काढत. "पुढची नळी हवेची, मागची अन्नाची. मधात एकच झाकण. अन् झाकणाचा भरोसा नाई!" पोरं घाबरून थुंकीसुद्धा जपून गिळत.

लग्नाच्या पंगतीत तर ते वाढप्याच्या पुढे पुढे फिरत. "जेवताना बोलू नोका, भाऊ! हासू नोका!"

एकदा नवरीचा बाप चिडला. "मास्तर, लग्न आहे का मयत?"

"बोलले त मयतच होते," डोमाजी मास्तर शांतपणे म्हणाले.

महिन्याभरात मलाही ती बाधा झाली. घास तोंडात असताना कुणी हाक मारली की मी आधी तो नीट गिळे, मगच ओ देई.

मग एके दिवशी डिप्टी साहेब तपासणीला आले. उन्हाची वेळ, लांबलेलं भाषण. मास्तर हात बांधून उभे होते. साहेबांसमोर डोकं कसं धरणार? जांभई दाबली, पुन्हा दाबली, आणि शेवटी ती आलीच.

"आज हजर मुलं किती?" साहेबांनी विचारलं.

"आ," मास्तर म्हणाले.

"किती?"

"आऽ."

पोरं हसली. मास्तरांच्या उघड्या तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले.

गावातल्या लटारूभाऊच्या बैलगाडीतून मी त्यांना आरमोरीला नेलं. वाटभर ते माझा दंड घट्ट धरून एकदा सूर्याकडे बोट दाखवत, एकदा गावाकडे. मला वाटलं, माणूस मरणाला भ्यालाय. "होईल नीट," मी म्हणत राहिलो.

डॉक्टरांनी अंगठ्यांना कापड गुंडाळलं, मागच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला आणि मागे लोटला. टक् आवाज झाला. मास्तरांचं तोंड मिटलं.

पहिलं वाक्य निघालं, "बाई उपाशी आहे."

"आता बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले आणि हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी आवळली.

परतताना लटारूभाऊनं मला सांगितलं, "बाईवरून, यायच्या बहिणीवरून, वारं गेलं हाये ना, मास्तर. तिले तेच भरवतात. दुसऱ्याच्या हातचं तिले गिळत नाई. मागं शेजारणीनं पेज पाजली, त ठसका लागून जीव जाता जाता वाचली. यायच्या मायच्या जागी हाये ते बहीण."

दिवेलागणीला पोचलो. मास्तरांनी मला हाताला धरून प्रथमच घरात नेलं. खाटेवर बाई दाराकडे डोळे लावून होती. भावाचं बांधलेलं डोकं पाहून तिचा अर्धा चेहरा थरथरला.

त्यांनी पातळ पेज घेतली, चमचाभर तिच्या ओठांत सोडली आणि दोन बोटं तिच्या गळ्यावर हलकेच टेकवली. मग मला खूण केली, तू बोल.

"बाई, गिळा," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. पेज ओठाच्या कडेनं ओघळली. मास्तरांनी ती पुसली, पुन्हा चमचा दिला. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा तेच.

तेव्हा ते तिच्या कानाशी वाकले आणि मिटल्या दातांतून, नाकातल्या नाकात म्हणाले, "गिळ, बाई. मीच हावो."

त्यांच्या बोटांखाली तिचा कंठ सावकाश वर चढला आणि खाली उतरला.

मास्तरांनी दुसरा चमचा भरला.