तळ दिसलाच पाहिजे!

सांगून ठेवतो, मनात आणलं तर मी काहीही करू शकतो! फक्त मनात यायला आमच्या साडूभाऊंचं नाव निघावं लागतं. आणि ते आमच्या घरात दिवसातून दहा वेळा निघतं!

"भाऊजींच्या परसातलं तळं पाहिलंत? तळाचे गोटे मोजून घ्यावेत!" बायको म्हणाली. "नाहीतर आपलं! बेडूकसुद्धा उडी मारण्याआधी दहादा विचार करतो."

नुसता जळफळाट झाला माझा! लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझ्या एका कामाला ही बाई कधी 'छान' म्हणालेली नाही.

"रविवारी बोलव त्यांना," मी गरजलो. "तळ दिसला नाही तर नाव बदलीन!"

संध्याकाळी साडूभाऊंचा फोन. "तळ्यातलं तण काढताय म्हणे! पण सगळं उपसू नका हं. थोडं शेवाळ राहू द्या, माशांना आडोसा लागतो."

बघा! माणूस किती आतल्या गाठीचा! माझं तळं उजवं ठरेल म्हणून आत्तापासूनच पोटात दुखायला लागलं! मी ठरवलं, आता एक काडीही ठेवायची नाही.

तीन दिवस रजा काढली. गमबूट घालून छातीभर पाण्यात उतरलो, तर गमबूटच भरले! दंताळ्याने मी शेवाळ ओढावं, तर शेवाळ मला ओढायचं. दोनदा बुडालो. तरी उपसतच राहिलो.

"अहो, ते कमळ होतं!" बायको काठावरून किंचाळली.

"तणच ते! भाऊजींच्या तळ्यात आहे का?"

"आहे!"

"मग तर नक्कीच तण!"

रविवारपर्यंत गाळ खाली बसला आणि पाणी आरशासारखं झालं. साडूभाऊ आणि मेहुणी काठाशी आले.

"मानलं, साडूभाऊ!" ते म्हणाले. मी बायकोकडे पाहिलं. ती वाकली. आता म्हणणार!

"अहो, ते खाली काय आहे?"

मीही वाकून पाहिलं. तळाशी साडूभाऊंनी भेट दिलेलं दगडी बदक होतं. शेजारी त्यांनीच दिलेलं घड्याळ. आणि दोन गोट्यांमध्ये चक्क उभा, त्यांचा तो लॅमिनेट केलेला फोटो! बागेच्या स्पर्धेत पहिले आले तेव्हाचा, आमच्या दिवाणखान्यात लावायला दिलेला. एकेक वस्तू मीच शेवाळाखाली ढकलली होती आणि घरात 'चोरी झाली' म्हणून बोंब ठोकली होती. तण उपसायच्या त्वेषात ते साफ विसरलो!

"चोर फक्त माझ्याच वस्तू नेतो वाटतं?" साडूभाऊ म्हणाले.

मी आकाशाकडे बघत राहिलो. बायको मात्र पाण्यातून नजर काढेना. आता आपली काही खैर नाही, असं समजून मी मान खाली घातली.

"काही म्हण ताई," ती बहिणीला कौतुकाने म्हणाली, "चार फूट पाण्याखालीसुद्धा भाऊजी काय छान दिसतात!"