हरलेल्या राक्षसांचे मधूदादा

राक्षसनिर्मितीच्या क्षेत्रात पेणपासून रोह्यापर्यंत मधूदादा म्हात्र्यांच्या तोडीचा कलावंत आजवर झालेला नाही. या क्षेत्रात दुसरं कुणी उतरलेलंच नाही, हे खरं. पण थोरवी बहुधा अशीच मोजतात.

आम्ही तिघं मिळून मोबाइलवर खेळायचा पत्त्यांचा खेळ बनवत होतो. पत्ता टाकला की त्यातून राक्षस उठतो आणि समोरच्याच्या राक्षसाशी भिडतो. खेळ नीलेशच्या डोक्यातला, आणि ऑफिस म्हणजे रोह्याजवळच्या वरसेतल्या त्याच्या फ्लॅटचा हॉल. पत्त्यांवरचा मजकूर माझा. दोन ओळींत दरारा बसवायचा. राक्षस काढायचे आणि हलते करायचे ते मधूदादांनी.

मधूदादा मूळचे हमरापूरचे, गणपतीच्या कारखान्यातले. तिथे त्यांच्याकडे मूर्तीजवळचे उंदीर घडवायचं काम होतं. त्यांच्या उंदरांच्या चेहऱ्यावर असे भाव असत की गिऱ्हाईक मूर्ती सोडून उंदराकडेच बघत राही. एकाने तर उंदीर आपल्या साडूसारखा दिसतो म्हणून मूर्ती परत आणली. कारखाना चालवणाऱ्या थोरल्या भावाने हात जोडले आणि मधूदादा रोह्याला कंपनीत लागले. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर बघूनबघून ॲनिमेशन शिकले.

गाव आणि दुखणं ठरल्याशिवाय ते राक्षस काढत नसत.

"याचं गाव कोणचं?"

"पाताळ," मी म्हणालो.

"पाताळात कुठं? हवेतला राक्षस मी नाय काढत, लेखक."

शेवटी तो अग्निमुखी दैत्य कासूचा ठरला आणि त्याला पित्ताचा त्रास निघाला. तोंडातून ज्वाळा का येतात, याचा उलगडा झाला. 'ज्याच्या हुंकाराने त्रैलोक्य थरथरे' हा माझा मजकूर मात्र त्याच्याखाली दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा दिसू लागला. तीन डोक्यांच्या राक्षशिणीची दोन डोकी मधल्याच्या बोलण्यावर नाक मुरडत. "ही माझी आत्या," मधूदादा म्हणाले. "तिला डोकं एकच होतं, पण काम तिघींचं करायची."

सगळं सुरळीत चाललं ते हरण्यापर्यंत. हरलेल्या राक्षसाचा स्फोट व्हावा, ही नीलेशची साधी अपेक्षा. मधूदादांचा राक्षस हरला की चपला शोधायचा, पिशवी उचलायचा, दारात जाऊन मागे वळायचा, "येतो गो" म्हणायचा, जरा थांबायचा आणि मग जायचा. आवाज खुद्द मधूदादांचा.

"काका, तो मरायला पाहिजे," नीलेश म्हणाला.

"हरला म्हणून मेला? मग रोह्यात माणूस तरी उरंल का?"

"निदान ते दारातलं थांबणं तरी कापा."

"ते नाय कापायचं. बाकी कायपण काप."

नीलेश चिडला. आठवड्याभरात स्फोट झाला नाही तर पुण्याचा कलाकार घेईन, म्हणाला. मधूदादांनी कॉम्प्युटर बंद केला, चपला घातल्या आणि निघून गेले. ते दोन-तीन दिवस फिरकले नाहीत, तेव्हा समजूत घालायला मला पेणला त्यांच्या घरी धाडण्यात आलं.

घरात ते एकटेच होते. चहा त्यांनीच टाकला. समेटाच्या थोर परंपरेवर मी काही मुद्दे तयार करून नेले होते. पण तोंडातून निघालं भलतंच.

"दादा, हा 'गो' कुणाला?"

मधूदादा चहा गाळत राहिले. "शिफ्टला निघताना दारातून बोलायचो, येतो गो. सुमन आतून 'या' बोलायची. ते ऐकल्याबिगर पाय उचलायचा नाय. म्हणून तो थांबतो."

"आणि आता?"

"आता कुणाला बोलू? ती गेली तवापासून कुलूप लावतो नि निघतो." कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "साखर बघा, मला अंदाज नाय येत."

साखर फार होती. मी सगळा चहा प्यालो. समेटाचे मुद्दे तसेच राहिले. निघताना चपला घातल्या आणि दारातून म्हणालो, "येतो, दादा." मग थांबलो. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"या," मधूदादा म्हणाले.

नीलेशला मी सांगितलं, की ते थांबणं राहणार. नाहीतर मजकूरही दुसऱ्याकडून लिहून घे. या धमकीचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. पुण्याच्या कलाकाराचा दर ऐकून मात्र झाला.

खेळ आता बाजारात आहे. खेळणाऱ्यांची तक्रार एकच येते: हरलेला राक्षस निघायला फार वेळ लावतो.