चौथ्या खंडातला ड्रॅगन

गुप्तहेर दोन प्रकारचे असतात. पहिल्यांना गुन्हा घडल्यावर कळतो, दुसऱ्यांना त्याचा आधीच वास येतो. मी दुसऱ्या प्रकारातला. दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवतो, पण ते केवळ पोटासाठी. नुसती कवळी बघून मी सांगू शकतो की तिचा मालक चिडका आहे, चिकट आहे की घरजावई आहे. आजवर एकाही मालकाने माझं म्हणणं खोडून काढलेलं नाही. अर्थात त्या वेळी त्यांच्या तोंडात दात नसतात.

माझ्या हातून सुटलेलं सर्वांत मोठं प्रकरण माझ्याच कपाटात घडलं. ‘सुटलेलं’ हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा.

बायको गणिताची शिक्षिका. शाळेच्या जिन्यावर घसरून तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि डॉक्टरांनी तिला सहा आठवडे पलंगावर बसवलं. संधी साधून मी तिला माझी लाडकी सात खंडांची मालिका वाचून दाखवायला घेतली. त्यात नकाशे काढणारी एक मुलगी आहे आणि आगीला घाबरणारा एक ड्रॅगन. नवव्या वर्षी मी तापाने महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा बाबांनी पहिले चार खंड मला वाचून दाखवले. पुढे मी स्वतः सातही खंड दहा वेळा वाचले. चौथ्याचं शेवटचं प्रकरण तेवढं वाचावं लागत नसे, कारण ते तोंडपाठ होतं. तिथे आलो की पुस्तक मिटायचं, डोळे मिटायचे आणि पुलावरचा तो निरोप मनातल्या मनात म्हणायचा. ड्रॅगन मुलीला सांगतो की तुझ्या नकाशात माझ्यासाठी एक जागा कोरी ठेव, मी कुठे पोचलो ते कळवीन.

या वेळी मात्र बायको ऐकत होती, म्हणून प्रथमच पान उलटलं. तिथे निरोप नव्हता. तीन ओळी होत्या. पूल जळाला. ड्रॅगन त्याच्याखाली होता. सकाळी मुलीने राख ओंजळीत घेतली.

मी पुस्तक मिटलं आणि बायकोला सांगितलं की चोरी झाली आहे.

पहिला संशय मेहुण्यावर. चार वर्षांपूर्वी हा खंड तो घेऊन गेला होता आणि न कुरकुरता परत केला होता, हेच मुळात संशयास्पद. बायकोने पृष्ठक्रमांक बघायला सांगितलं. तीनशे अठ्ठ्याऐंशीनंतर तीनशे एकोणनव्वद होतं. मी म्हटलं, आकडेही बदलता येतात. तिने माझ्याकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं.

दुसरा संशय बाइंडरवर. त्याने खंडांना नवे पुठ्ठे घातले होते. भिंग घेऊन मी त्याच्या दुकानात गेलो आणि अर्धा तास त्याच्या बोटांवरचे खळीचे डाग तपासले. तो शांतपणे म्हणाला की पुस्तकं वाचत बसलो असतो तर ती शिवली कोणी असती. मग वाचनालयात जाऊन त्यांची प्रत काढली. तिच्यातही त्याच तीन ओळी. याचा सरळ अर्थ एकच होता: टोळी मोठी आहे. प्रकाशकही सामील आहे. मला आठवलं, पुढच्या खंडांत ड्रॅगन परत का येत नाही म्हणून मी त्यांना एकदा खरमरीत पत्र लिहिलं होतं. ‘आपण पुस्तक पुन्हा वाचावं’ एवढंच त्यांचं उत्तर होतं. ती धमकी होती हे आता उमगलं. पाचव्या खंडात सगळं गाव ड्रॅगनच्या नावाने दिवे लावतं, ती मंडळी त्याच्या प्रवासाला शुभेच्छा देताहेत असंच मी दहाही वेळा समजलो होतो.

संशयितांच्या यादीत अठरा नावं झाली. बाबांचं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी चौतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले, आणि जो आकडा दिसला तोच लिहिला. असा माणूस मनाचं काय सांगणार?

मी अठरा जणांचा तक्ता करत होतो तेवढ्यात बायकोने पलंगावरूनच बाबांना हाक मारली. ते पलीकडच्या खोलीत पँटला इस्त्री करत होते. तिने सरळ विचारलं, “बाबा, त्या ड्रॅगनचं तुम्ही काही बदललं होतं का?”

“हो,” बाबा म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.

ते इस्त्री बंद करून आले आणि दारातच उभे राहिले. “ताप उतरत नव्हता तुझा. डॉक्टर म्हणाले होते, त्याला रडू देऊ नका. आणि पुढच्या पानावर ड्रॅगन मरत होता. मग काय करणार?” मग म्हणाले, “मला वाटलं होतं, बरा झालास की स्वतः वाचशील आणि माझ्याशी भांडायला येशील. बरीच वर्षं वाट बघितली.”

मी त्यांना तो अख्खा निरोप म्हणून दाखवला. पूल, वारा, नकाशातली कोरी जागा, सगळं. बाबा कानामागे हात धरून ऐकत राहिले.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण हे माझं नाही. मी एवढंच म्हणालो होतो, की तो घरी गेला.”

“म्हणजे बाकीचं तुम्हीच रचलंत,” बायको मला म्हणाली. “चोर नाही, टोळी नाही. बसा आता, आणि खरं काय लिहिलंय ते नीट वाचा.”

बाबा खुर्ची ओढून बसले. मी तीनशे एकोणनव्वदावं पान उघडलं. पहिली ओळ ठीक गेली. दुसरीही गेली, पण तिसरीतली ओंजळ मला दिसेचना. बायकोने माझा हात धरला. बाबांनी पुस्तक माझ्याकडून घेतलं, लांब धरलं आणि ती ओळ मीटर वाचावा तशी, जशीच्या तशी वाचली. मग तीच ओळ पुन्हा एकदा, हळू, स्वतःशीच.

“लेखकाचंही वाईट नाही,” ते म्हणाले.