अमेरिकेतला चंद्र, एक तास आधी

गुहागरच्या हर्षदचं ठाम मत होतं, की पंचांगाचे दिवस संपले. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करता करता त्यानं मार्गशीर्षात एक ॲप तयार केलं. जगातल्या कुठल्याही गावचा चंद्रोदय, अगदी मिनिटापर्यंत बिनचूक! रोज सकाळी ते ॲप आपल्या वेळा तिथल्या तिथल्या वेधशाळेच्या तक्त्याशी ताडून बघायचं. अशा दोनशे ऐंशी चाचण्या; वेळ जुळली की हिरवी, नाही तर लाल. सगळ्या हिरव्या दिसल्या की हर्षद असा चहा प्यायचा, जणू चंद्र त्यानंच खांदा लावून वर ढकललाय. त्याची आई जनी कॅलेंडरात बघून संकष्टी सोडायची. त्याला तिची कीव यायची.

मार्चातल्या एका सोमवारी अकरा चाचण्या लाल झाल्या. अकराही अमेरिकेतल्या. तक्त्यातल्या वेळेच्या बरोबर एक तास आधी ॲप तिथला चंद्र उगवून मोकळं होत होतं.

जनी भाकरी थापता थापता म्हणाली, की न्यू जर्सीच्या वन्सं काल फोनवर सांगत होत्या, तिकडं सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढं केली. उन्हाळ्यात करतात तशी.

"आई, माणसांनी काटे फिरवले म्हणून चंद्र आपली वेळ बदलतो काय?"

"चंद्र नाय रे. घड्याळ."

हर्षद हसला. भारत आणि न्यू जर्सी यांत साडेदहा तासांचं अंतर, हे त्यानं ॲपात दगडावर कोरावं तसं कोरून ठेवलं होतं. आपण काही बदललं नाही, म्हणजे चूक वेधशाळेची, असा निवाडा करून त्यानं तक्त्यातल्या अकराही वेळांतून रोज एकेक तास कापायची सोय केली. पोराचं गणित चुकलं म्हणून मास्तरांनी पुस्तकामागचं उत्तर खोडावं, तसंच हे. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. त्यानं चहा मागितला.

पुढच्या सोमवारी संकष्टी होती. त्या न्यू जर्सीच्या वन्सं म्हणजे हर्षदची दीपालीआत्या. लेकीची कूस उजवावी म्हणून तिनं एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या. लेक सातव्या महिन्यात होती आणि ही एकविसावी. चंद्राआधी तोंडात घास गेला, की पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडं मंगळवारची सकाळ उजाडली होती. सात वाजायला नऊ मिनिटं असताना आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडं सोमवारची रात्र, नऊ वाजून एकवीस मिनिटं. चंद्र उगवला म्हणून ॲपनं घंटा वाजवली होती. ताट वाढलेलं, हातात मोदक.

जनीनं विचारलं, चंद्र दिसला का? आत्या म्हणाली, ढग आहेत. हर्षद मधे तोंड घालून म्हणाला, की चंद्र दिसायची गरजच काय, त्यासाठीच तर ॲप आहे.

"वन्सं, मोदक खाली ठेवा," जनी म्हणाली. "तुम्ही घड्याळ पुढं केलंत, ते याच्या यंत्राला कोणी सांगितलेलं नाय."

"आई, दोनशे ऐंशी चाचण्या..."

"हर्षद," आत्या म्हणाली, "तो तास तू धरलायस का?"

हर्षदनं लॅपटॉपकडं पाहिलं, मग आईकडं, मग छपराकडं. आत्यानं मोदक ताटात ठेवला.

तासाभरानं तिचा पुन्हा कॉल आला. शेजाऱ्याच्या गॅरेजमागून चंद्र वर येत होता. तिनं अर्घ्य दिलं, मोदक खाल्ला आणि वहिनीला तिथूनच नमस्कार केला. भाच्याचं नाव काढलं नाही.

पण हर्षदचा फोन थांबेना. ॲप वापरणाऱ्या अमेरिकेतल्या सदतीस बायांनी त्याच्या घंटेवर उपास सोडला होता. चंद्र नंतर उगवला, आता आमच्या व्रताचं काय, असं सदतिसांनीही विचारलं होतं. काहींनी जरा कमी सभ्य शब्दांत.

"आई, काय लिहू यांना?"

जनी देवापुढचं निरांजन सारखं करत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"लिही, की चूक माझी, प्रत्येकीच्या नावानं एकेक संकष्टी मीच धरीन."

हर्षदनं बोटांवर हिशेब केला. सदतीस संकष्ट्या म्हणजे तीन वर्षं.

या वेळी उत्तर बरोबर होतं.