पळमावशी

मोटारीतलं मला कुणी काही सांगू नका! एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या स्टोअरात काढली आहेत. बोल्ट नुसता हातावर ठेवा, डोळे मिटून नंबर सांगतो. वायसर, बेअरिंग, पॅकिंग, ग्रीसचे डबे, कुठला माल कुठल्या फळीवर, सगळं पाठ! आता यातली एकही वस्तू मी कधी कुठल्या यंत्राला बसवली नाही, हे खरं. बसवणारे बसवायचे, मी काढून द्यायचो. पण काढून देणाऱ्याला काही कळत नसतं, असं थोडंच आहे?

हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी आमच्या पिंपळीच्या चौकात छाती पुढं काढून बोललो होतो. छाती अजून आहे. कंबर गेली.

झालं असं, की इंदापूरला माझी प्रयागमावशी असते. वय सत्त्याऐंशी. तिचे मालक अप्पा यांची एक जुनी अमेरिकन गाडी होती, प्लायमाऊथ. स्टिअरिंग डावीकडं, डिकी एवढी मोठी की शेळी करडांसकट मावेल. प्लायमाऊथ हे नाव गावात कुणाच्या जिभेला पेललं नाही, म्हणून सगळे तिला 'पळमावशी' म्हणायचे. अप्पा वारल्यावर ती पळायची थांबली आणि तीस वर्षं शेडात उभी राहिली. मावशीचा मुलगा संदेश ती भंगारात घालायला निघाला, तेव्हा मावशीनं मला बोलावून घेतलं.

"ज्ञान्या, ह्या गाडीत साऱ्या तालुक्याच्या नवऱ्या बसल्या रं. वरात म्हटलं की अप्पांची गाडी! मी दर बारीला म्हणायची, मलाबी एक चक्कर मारून आना. ह्ये म्हणायचे, पुढच्या येळी. पुढच्या येळी म्हणत म्हणत ह्येच गेले."

मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की माणूस मूर्खासारखं बोलतो. मी म्हणालो, "मावशी, गाडी मी चालू करतो. तुला हिच्यात बसवून पिंपळीवरनं इंदापूरला वाजतगाजत नेतो!"

ट्रॉलीत घालून गाडी आमच्या रिकाम्या गोठ्यात आणली. घरात तिचं नाव नुसतंच 'मावशी' पडलं. आमची द्वारका म्हणाली, "आवो, दोन मावश्या झाल्या. घोटाळा हुईल."

"कसला घोटाळा? एक माणूस हाय, एक मोटार हाय."

"दोघींचं गुडघं वाजत्यात, दोघींना त्याल लागतंय. फरक काय ऱ्हायला?"

पुढची दोन वर्षं मी सांगत नाही. सांगायचं त्राण नाही. बारामतीचा भीमा फिटर दर सोमवारी येतो म्हणायचा आणि सोमवार सोडून कधीही यायचा. सीटं शिवायला दिली, तर सोफेवाल्यानं मंगल कार्यालयाची लाल मखमल लावली. फॅनबेल्ट ट्रॅक्टरचा, हॉर्न उसाच्या ट्रकचा. नवा रंग दिलेलं बॉनेट उन्हात दिसलं, की द्वारकेला राहवेना; तिनं त्यावर कुरडया घातल्या. त्यांचे वळसे अजून रंगात उमटलेले आहेत. मावशीची नक्षी म्हणून पाव्हणे कौतुक करतात, मीही नको म्हणत नाही.

मागच्या महिन्यात प्रयागमावशी पिशवी घेऊन आमच्याकडं दाखल झाली. "गाडी चालू झाल्याबिगर मी जात न्हाय," म्हणाली. पण चार पावलं चालली की तिला दम लागायचा. एकदा गोठ्याच्या दारात बसून हळूच म्हणाली, "ज्ञान्या, आता माझं काय खरं न्हाय. बघ जरा लवकर." ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं.

त्यात भीमा म्हणाला, "तात्या, सगळं बसवलंय. मी सोमवारी येतो. तवर चावीला हात लावू नगा."

मी रविवारी चावी फिरवली.

आणि काय सांगू! घर्रर्र करून गाडी चालू झाली. दहा मिनिटं अशी गुरगुरली, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग बॉनेटमधून धूर, एक आचका, आणि सगळं शांत. प्रयागमावशी आतल्या खोलीत झोपली होती, द्वारका गिरणीत दळणाला गेली होती. मी तसाच ग्रीसच्या हातानं फोन काढला आणि भीमा फिटरला बोलून निरोप पाठवला:

"मावशी गेली रं! जागच्या जागी गेली. आता खोलून बघावं लागंल, पन मला न्हाय वाटत काय उपेग हुईल. ये लवकर, एकट्याच्यानं व्हत न्हाय."

माझ्या फोनात 'भीमा फिटर'च्या खाली 'भीमाकाठ परिवार' आहे. मावशीकडच्या सगळ्या गोतावळ्याचा ग्रुप, सत्तेचाळीस माणसं. बोट ग्रीसचं होतं. घसरलं.

पाचव्या मिनिटाला संदेशचा फोन. मला वाटलं, भीमानंच त्याला कळवलं.

"दादा, खरं हाय व्हय?"

"खरं रं. दहा मिन्टं चांगली व्हती. मंग एकदम तापली, एक आचका दिला न संपलं."

"तितं कोन हाय?"

"मी एकटा. एकट्याला उचलतीय व्हय? चार खांदं तरी लागत्यात."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "आमी निघालोच. तवर खोलायबिलायचं न्हाय हां, दादा!"

"बरं, न्हाय खोलत. वर चादर टाकून ठिवतो."

"पिंपळीतच उरकायचं का हिकडं आनायचं?"

"इंदापूरलाच! मावशीला शबुद दिलाय मी."

यावर संदेश ढसाढसा रडायला लागला. मला बरं वाटलं. भंगारात घालायला निघालेला पोरगा, पण बापाच्या गाडीवर जीव आहे म्हणायचा! मी फोन हत्यारांच्या पेटीत टाकला, गाडीवर पांढरी चादर घातली, काय गळतंय बघायला खाली शिरलो आणि दमलेला असल्यामुळं तिथंच झोपलो.

जाग आली ती रडण्यानं. बाहेर आलो तर फाटकात दोन जीप, एक टेम्पो आणि संदेशची बायको राजनंदिनी. "आत्याबाई, मला टाकून कशा वो गेलाव!" असं म्हणत तिनं तुळशीकट्ट्यालाच मिठी मारली होती. मागून नवं कोरं मडकं, हार आणि आठ फुटी फ्लेक्स! आमच्याकडं फ्लेक्स चहा होईस्तोवर छापून मिळतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली प्रयागमावशीचा फोटो आणि त्याखाली सतरा शोकाकुलांचे फोटो.

तेवढ्यात द्वारका दळणाचा डबा घेऊन आली. एवढी माणसं रडताना बघून तिनं डबा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि कोण गेलं हे न विचारता तीही रडायला बसली. रीतच आहे तशी.

माझ्या डोक्यात उजेड पडला. सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आतलं दार करकरलं. डोळे चोळत प्रयागमावशी बाहेर आली.

"कोन गेलं रं?"

राजनंदिनीचा हुंदका अर्ध्यात अडकला. संदेशच्या हातातलं मडकं पडता पडता वाचलं. मावशी सावकाश फ्लेक्सपाशी गेली.

"ह्यो फोटू कशाला टाकला? ह्यात माझा पदर सरकलाय."

मग सगळ्यांनी मिळून मला जे धरलं! दोन वर्षांत शिकलेली मोटारीची भाषा मला त्या पाच मिनिटांत विसरायला झाली. मी धूर सांगतोय, आचका सांगतोय, बोट घसरल्याचं सांगतोय, कुणी ऐकेल तर शपथ! संदेश तर आईचे पाय धरून लहान पोरासारखा रडत होता.

मावशीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग चादर ओढून काढली, मागचं दार उघडलं आणि लाल मखमलीवर जाऊन बसली.

"आये, खाली उतर. गाडी बंद हाय," संदेश म्हणाला.

"असू दे बंद. तुमी मला पोचवायला आलाव न्हवं? मंग पोचवा की इंदापूरपातूर!"

खांदा द्यायला आलेल्यांनी खांदा दिला. संदेश स्टिअरिंगला, बॉनेटवर मावशीसाठीच आणलेला हार, आणि मागून ढकलायला बाराजण. सगळ्यांत मागं मी. माझ्या एका हातात मडकं आणि बगलेत गुंडाळलेला फ्लेक्स, कारण द्वारकेनं बजावलं होतं, "टाकू नगा, वाळवनाखाली हुईल." खिडकीतून मावशीचा हात बाहेर. रस्त्यानं दिसेल त्याला ती नवरीसारखं हसून दाखवत होती. इंदापूर अजून पन्नास किलोमीटर होतं.

कालव्याच्या पुलावर सगळ्यांची छाती भरून आली, तेव्हा समोरून मोटारसायकलवर भीमा आला. हातात हार. मावशी गेल्याचं त्याच्याही कानावर गेलं होतं. मावशीला बघून त्यानं हार गुपचूप आरशाला अडकवला आणि बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघत राहिला.

"तात्या, रेडिएटरात पानी?"

तेरा माणसं माझ्याकडं बघत होती. काय सांगू? पाणी आमच्या स्टोअरात कधी नव्हतंच!

भीमानं माझ्या हातातलं मडकं घेतलं. कालव्यातून चार खेपा केल्या. चावी फिरवली, आणि मावशी, म्हणजे गाडी, गुरगुरली! एकच ओरडा झाला. भीमा स्टिअरिंगला सरकला, संदेश शेजारी, राजनंदिनी मागं, तिच्या मांडीवर कुणीतरी, त्याच्या मांडीवर आणखी कुणीतरी. उरलेले जीप आणायला माघारी पळाले. मी दाराला हात घातला.

मावशीनं आत नजर फिरवली, मग माझ्याकडं बघितलं.

"ज्ञान्या, जागा न्हाय रं. तू पुढच्या येळी."

आणि गेली! उसाच्या ट्रकचा हॉर्न कालव्यावरून लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

मडकं आणि फ्लेक्स घेऊन मी चालत घरी निघालो. वाटेत कोऱ्हाळ्याचे माझे साडू स्कूटरवरून आले. ते सगळीकडंच उशिरा पोचतात. मडकं बघून त्यांनी टोपी काढली.

"उशीर झाला वाटतं मला. उरकलं?"

"उरकलं."

"मावशी?"

"आत्ताच गेली."

"शांतपने गेली न्हवं?"

"हॉर्न वाजवत गेली."

ते कळवळून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई दमलाव तुमी, ज्ञानेशराव. ऱ्हायलेल्या पाव्हण्यांना मी कळवतो." आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

मी खरंच फार दमलो होतो. कळवू दिलं.