खारीची दुसरी नेमणूक

एका जंगलात, बाळांनो, जो तो फार मोठा होता. इतका मोठा, की स्वतःची कामं स्वतः करणं कुणालाच शोभत नसे. म्हणून एक खार ढोलीत बसून परक्यांची कामं करी. कुणाच्या भेटी ठरव, कुणाला आठवण करून दे, नको त्या पाहुण्याला गोड बोलून टाळ. निरोप कावळा नेई-आणी. सावली वीतभर सरकली की चार दाणे, असा तिचा दर होता.

तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अस्वल. तिची पिलं त्याच्याच दाण्यांवर जगत. अस्वलानं तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. नावही विचारलं नव्हतं.

एकदा मोर म्हणाला, "खारूताई, नुसतं राबून काय होतं? जरा दिसत जा. उद्या अस्वलाचं काम सुटलं तर पिलांना काय घालशील?"

खार घाबरली. रोज सकाळी खडकावर उभी राहून आपण किती चोख काम करतो ते सांगू लागली. गर्दी जमे. सांगण्याचे दाणे मिळत नसत, आणि सांगण्यात वेळ गेला की कामाचेही बुडत. पण मोर म्हणे, आधी पेरावं लागतं. मोरानं कधी काही पेरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी ती 'माझ्याकडून निरोप चुकत नाही' या विषयावर बोलत होती. तेव्हाच कावळा रिकाम्या ढोलीपाशी ताटकळत होता. अस्वल विचारत होतं, वडावरच्या पोळ्यातल्या माश्या उठून गेल्या का? उत्तर येईना. शेवटी अस्वलानं पोळ्यात तोंड घातलं.

माश्या घरीच होत्या.

सुजल्या तोंडाला लावायला चिखल शोधत अस्वल खडकापाशी आलं. खारीला वाटलं, आता पिलं उपाशी मरणार. पण थांबावं कसं हे सुचेना, म्हणून ती बोलतच राहिली. अस्वल शेवटपर्यंत ऐकत उभं राहिलं.

मग म्हणालं, "बाई, मदतनीस असावी तर अशी. माझी एक आहे, अगदीच बिनकामाची. दुप्पट दाणे देतो, आजपासून लाग."

"विचार करून सांगते," खार म्हणाली. तसं म्हणायला मोरानं शिकवलं होतं. दोन श्वासांनी तिनं होकार दिला.

पहिलं काम अस्वलानं तिथंच सांगितलं. जुन्या मदतनिसाला काढल्याचा निरोप धाडायचा, आणि तो चांगला खरमरीत हवा.

खारीनं तो मन लावून रचला. संध्याकाळी कावळ्यानं ढोलीत येऊन तो शब्दन्‌शब्द म्हणून दाखवला, तेव्हा तिला रडू आवरेना.

तात्पर्य: बाळांनो, चोख काम करणाऱ्याला कुणी ओळखत नाही. तेव्हा काम चुकलं तरी भिऊ नका. फक्त चुकेल त्या वेळी खडकावर असा.