पितांबरनानांच्या खड्याची वाट

पहूरच्या पितांबरनानांच्या मूत्रपिंडात खडा होता, आणि त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावे, हा प्रश्न जळगावच्या एका दवाखान्यात सकाळीच विचारार्थ आला. पाठीला बोटभर भोक पाडायचे, दुर्बीण घालायची, खडा फोडून काढायचा, एवढेच काम. कळांनी जीव नकोसा झालेले नाना गादी मुठीत धरून पडले होते.

"वाट ठरवताना बरगडी, फुप्फुस, आतडं, कण्याचा बाक, अंगावरची चरबी, सगळं बघावं लागतं," डॉक्टर मोहिनीबाई म्हणाल्या. "खडा वरच्या कोपऱ्यात आहे. शेवटच्या बरगडीवरून जाऊ. पण लगेच. लघवी अडलीये, ताप यायच्या आत व्हायला हवं."

"बाई, आत्ताच करा. माले सहन व्हत नही."

"जवाईबापू येऊ द्या आधी," सुंदरबाईंनी नवऱ्याला गप्प केले. "त्याईले न इचारता केलं तं पोरीले जन्मभर आयकावं लागीन."

नातेवाईक हा घटक मोहिनीबाईंच्या पुस्तकात नव्हता.

दुपारी जावई हेमराज वरणगावहून आले. त्यांनी सोनोग्राफी उलटी धरून पाहिली आणि बरगडीवरून जाण्यास हरकत घेतली. मग लक्षात आले, की जावयाला विचारले आणि त्यांच्या वडिलांना नाही, हे बरे दिसत नाही. हे वडील, लोटनआबा, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरहून निघाले. ते पोहोचेपर्यंत नानांना हुडहुडी भरली होती.

"आम्हना धुयामा भाऊना खडा खालथून काढेल व्हता," आबांनी धुळ्याच्या भावाचा दाखला दिला. "आठे वरथून कसाले?"

आता प्रश्न दोन जिल्ह्यांच्या इभ्रतीचा झाला. बऱ्याच चहानंतर तोडगा निघाला: दोन भोके पाडावीत, वरचे जळगावचे, खालचे धुळ्याचे. ठराव एकमताने झाला. पाठ नानांची असल्याने त्यांना मत नव्हते.

ठराव घेऊन मंडळी मोहिनीबाईंकडे गेली. त्यांनी नानांच्या कपाळाला हात लावला आणि त्या चिडल्याच. "आत पू झालाय. खडा आता राहू द्या. नळी टाकून आधी पू काढते, नाहीतर माणूस जाईल."

पुवात कोणाचाच मान गुंतलेला नसल्याने नळी कुठून टाकावी, हे डॉक्टरांवर सोपवण्यात आले. नाना वाचले. खडा आत, नळी बाहेर, आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ. नानांना सगळ्यांचा भयंकर राग आला होता.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या रुपचंदला ऑपरेशनला न्यायला लागले. त्यालाही खडाच होता. नाना नळी सांभाळत कोपरावर उठले.

"थांबा! याच्या जवाईले इचारलं का?"

स्ट्रेचर थांबले. तुम्हाला हसू येते आहे, येऊ द्या. पण रुपचंद तुमचाच सासरा असता आणि तुम्हाला न विचारता त्याला आत नेले असते, तर?